डब्यातील बुद्धी आणि आईची रजा



महागाई भत्ता, पेन्शन, खाजगीकरण, रिक्त जागा असे प्रश्न समोर उभे असताना संघटनेच्या मुखपत्राने तान्ह्या बाळाच्या दुधावर पाने का खर्च करावीत, असे काही वाचकांना वाटेल. हा विषय बायकांचा, फार तर डॉक्टरांचा, असे आमच्या शाखांमधून आजही बोलले जाते. आम्हाला हे मान्य नाही. बाळाचा मेंदू ज्या काळात घडतो, नेमक्या त्याच काळात त्याच्या आईला कामावर परत बोलावले जाते. आणि जे आईच्या वेळेतून मिळायचे ते डब्यातून विकत मिळेल असे सांगणारा व्यापारी त्याच वेळी दारात उभा राहतो. एकीकडे मालक आणि दुसरीकडे कंपनी, मध्ये आमचे मूल. हा युनियनचा प्रश्न नाही तर कोणाचा?

दुधातले प्रथिन करते काय?

प्रथम विषय नीट समजून घेऊ. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव हिस्सा असते. दोन वर्षांचे होईपर्यंत ते पाऊण हिश्श्याच्या आसपास पोहोचते. पुढच्या आयुष्यात मेंदू इतक्या वेगाने कधीच वाढत नाही. याच काळात मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण चढते. सिग्नल खात्यातील आमच्या साथींना हे लगेच कळेल. तारेवरचे आवरण नीट नसेल तर संदेश नीट जात नाही. मज्जातंतूंचेही तसेच आहे.

या बांधकामाला माल लागतो आणि त्यातला मोठा भाग दुधातील प्रथिनांतून येतो. प्रथिन पचले की त्याचे घटक सुटे होतात. ते घटक शरीर बांधण्यास वापरले जातात व काहींपासून मेंदूतील निरोप्या रसायने तयार होतात. उदाहरणार्थ ट्रिप्टोफॅन. यापासून सेरोटोनिन बनते आणि झोप, भूक व मनःस्थिती यांच्याशी त्याचा संबंध आहे. आईच्या दुधातील एक प्रमुख प्रथिन म्हणजे अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आणि त्यात ट्रिप्टोफॅन भरपूर असते.

आता तुलना पाहा. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने साधारण १ ग्रॅम. गाईच्या दुधात सुमारे ३.३ ग्रॅम, म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. मग गाईम्हशीचे दूध तिप्पट चांगले का? मुळीच नाही. वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते, माणसाच्या बाळाला त्यासाठी चार-पाच महिने लागतात. वासराला लवकर उभे राहून कळपाबरोबर चालायचे असते. माणसाच्या बाळाला चालण्याची घाई नसते, त्याला मेंदू घडवायचा असतो. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, त्याचा पोटात घट्ट गोळा होतो. आईच्या दुधात केसीन साधारण ४० टक्के आणि बाकीची निवळीतील, सहज पचणारी प्रथिने असतात. गाईच्या निवळीत भरपूर असलेले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आईच्या दुधात नसतेच. उलट आईच्या दुधातील लॅक्टोफेरिन हे लोह धरून ठेवणारे प्रथिन जंतूंशी लढण्यास मदत करते.

आमच्या चाळींतून आणि रेल्वे क्वार्टर्समधून सर्वांत जास्त नुकसान होते ते लोहाच्या बाबतीत. गाईच्या दुधात लोह मुळात कमी. त्यातले केसीन आणि कॅल्शियम ते लोह शोषू देत नाहीत. शिवाय वर्षाच्या आतील काही बाळांना गाईचे साधे दूध दिल्यास आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. लोह कमी पडले की रक्त कमी होते हे सर्वांना माहीत आहे. पण मायलिन तयार होण्यास आणि निरोप्या रसायने बनण्यासही लोह लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. कोस्टा रिका देशात तान्हेपणी तीव्र लोह-कमतरता झालेल्या मुलांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. औषध देऊन त्यांचे रक्त भरून आले, तरी शाळेच्या वयात ती बरोबरीच्या मुलांच्या मागेच राहिली. म्हणून वर्षाच्या आत वरचे दूध हे मुख्य अन्न म्हणून देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. दुधात पाणी घालून ते 'हलके' केल्याने प्रश्न सुटत नाही. प्रथिने कमी होतात तशी ताकदही कमी होते, लोह वाढत नाही, आणि पाणी अशुद्ध असेल तर जुलाब वेगळेच.

आपल्या देशाची स्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हे शोभत नाही. याचा सारा दोष दुधावर टाकता येणार नाही. आईच रक्तक्षयाने ग्रासलेली असते, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला वरण, भाजी, अंडे, नाचणी पुरेशी मिळत नाही. सहा महिन्यांपुढे आईचे दूधही लोहाला एकटे पुरत नाही. पण पहिले सहा महिने आईचे दूध आणि नंतर त्याच्या जोडीला चौरस आहार, हा क्रम मोडला की मेंदूच्या वाढीचा पायाच कच्चा राहतो.

डब्याचा दावा

येथे व्यापारी प्रवेश करतो. दुधाची भुकटी हा जगभर वर्षाला सुमारे ५५ अब्ज डॉलरचा धंदा आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये नमूद केले. हा धंदा पूर्वी गुटगुटीत बाळाच्या चित्रावर चाले. आता तो बुद्धीवर चालतो. आपले मूल आपल्यासारखे गॅंगमध्ये किंवा टपालाच्या पिशव्यांमध्ये अडकू नये, शिकून पुढे जावे, ही कामगाराची सर्वांत मोठी आस असते. कंपनीने नेमके त्याच आशेवर बोट ठेवले आहे. २०२३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १५ देशांतील ७५७ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. सर्वांत जास्त आढळलेला दावा कोणता? मेंदू, डोळे व मज्जासंस्थेच्या विकासाला मदत होते हा. आणि विशिष्ट घटकाच्या नावाने दावा करणाऱ्या उत्पादनांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश उत्पादनांनी कोणताही शास्त्रीय संदर्भ दिलेला नव्हता.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो ते पाहू. ब्रिटनमध्ये सुधारित भुकटीच्या सात जुन्या चाचण्यांत भाग घेतलेली १७६३ मुले पुढे शाळेत कशी ठरली, हे परीक्षांच्या सरकारी नोंदींवरून तपासले गेले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. सुधारित भुकटीने परीक्षेतील गुण वाढल्याचे दिसले नाही. बुद्धीसाठी म्हणून विशेष मेदाम्ले घातलेली भुकटी घेतलेल्या मुलांना तर ११ व्या वर्षी इंग्रजी व गणितात थोडे कमीच गुण होते. दुधातील मेदकणांभोवतीचे प्रथिनयुक्त आवरण घातलेली भुकटी स्वीडनमध्ये तपासली गेली. एका वर्षाच्या वयाला चार गुणांचा फरक दिसला, साडेसहा वर्षांच्या वयाला तो नाहीसा झाला. चीनमध्ये हेच आवरण व लॅक्टोफेरिन घातलेल्या भुकटीचा फायदा साडेपाच वर्षांपर्यंत टिकल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही आम्ही सांगितलेच पाहिजे. मात्र त्या चाचणीचा पैसा भुकटी बनवणाऱ्या कंपनीचाच होता, आणि तुलना एका डब्याची दुसऱ्या डब्याशी होती.

मग आईच्या दुधाचा पुरावा? बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ प्रसूती रुग्णालयांतील १७,००० हून अधिक माता व बाळांवर मोठी चाचणी झाली. काही रुग्णालयांत मातांना स्तनपानासाठी नीट मदत दिली गेली, इतरांत नेहमीप्रमाणेच चालले. बाकी काही नाही, औषध नाही, भुकटी नाही. साडेसहा वर्षांच्या वयाला मदत मिळालेल्या गटातील मुलांचा भाषिक बुद्ध्यांक सरासरी ७.५ गुणांनी जास्त भरला. सोळाव्या वर्षी मात्र यातील बराचसा फरक ओसरला, भाषिक क्षमतेत थोडासा उरला. ब्राझीलच्या पेलोटास शहरात १९८२ साली जन्मलेल्या सुमारे ३५०० जणांची तिसाव्या वर्षी पाहणी झाली. वर्षभर वा अधिक काळ स्तनपान मिळालेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी पावणेचार गुणांनी जास्त आणि मिळकतही जास्त आढळली. आईच्या दुधावर वाढलेले प्रत्येक मूल हुशार होते आणि डब्यावर वाढलेले मंद राहते, असला बाजारी दावा आम्ही करणार नाही. हा फायदा अमुक एका प्रथिनामुळेच होतो, असेही सिद्ध झालेले नाही. प्रथिने, मेद, रोगप्रतिकारक घटक, आईची कूस, हे सारे एकत्र असते. कंपनीची लबाडी नेमकी येथे आहे. ती या साऱ्यातून एक घटक उचलते, गाईच्या दुधाच्या भुकटीत घालते आणि डब्यावर मेंदूचे नाव लिहिते. दुधाची तहान ताकावर भागवायची, आणि ताकाचे पैसे मात्र दुधाहून जास्त!

ज्या बाळाला काही कारणाने आईचे दूध मिळूच शकत नाही, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य भुकटी द्यावी लागते. त्यात प्रथिनांचे प्रमाण सुधारलेले आणि लोह घातलेले असते, म्हणून ती पाणी घातलेल्या वरच्या दुधापेक्षा बरी. अशा आईला कोणी नावे ठेवू नयेत. तिच्यासाठी दुसरा मार्गही आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी उभी राहिली, ती आशियातील पहिली मानली जाते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या अशक्त बाळांना दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तेथे मिळते. महापालिकेच्या रुग्णालयाने हे करून दाखवले. रेल्वेच्या मोठ्या रुग्णालयांनी का करू नये?

कायदा कागदावर

१९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत भुकटीच्या जाहिरातबाजीविरुद्ध आचारसंहिता मंजूर झाली. ११८ देश बाजूने, विरोधात एकच, अमेरिका. भारताने १९९२ साली स्वतःचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची व अन्नाची जाहिरात, फुकट नमुने, मातांना भेटवस्तू, डॉक्टरांना आर्थिक लाभ, सर्वांवर बंदी. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. हा कायदा आपोआप आला नाही, त्यामागे डॉक्टर आणि ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते होते. त्याच काळात, डिसेंबर १९९१ मध्ये, स्तनपानाच्या प्रश्नावर काम करणारी 'बीपीएनआय' ही राष्ट्रीय संस्था आपल्या वर्ध्यात स्थापन झाली.

पण कायदा दोन वर्षांवर थांबतो, म्हणून जाहिरात दोन वर्षांपासून सुरू होते. डब्याचे नाव तेच, रंग तेच, फक्त वयाचा आकडा बदललेला. दूरदर्शन संचावर मोठ्या मुलाची हुशारी दाखवायची आणि औषधाच्या दुकानात तान्ह्याचा डबा विकायचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने आणखी एक गोष्ट उघड केली. नेस्ले कंपनीच्या सेरेलॅकमध्ये भारतात दर वाढणीमागे सरासरी सुमारे ३ ग्रॅम साखर घातलेली होती, तर स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच उत्पादनात ती नव्हती. त्यांच्या मुलांना एक न्याय, आपल्या मुलांना दुसरा!

दूध आणि हजेरीपट

येथपर्यंत कंपनीचे झाले. आता मालकाकडे वळू, कारण जाहिरात कितीही खोटी असली तरी बहुसंख्य कष्टकरी आया डबा हौसेने आणत नाहीत. त्यांना वेळ नसतो म्हणून तो आणावा लागतो.

आईचे दूध टाकीत साठवलेले नसते. बाळ जितके पिते तितके ते तयार होते. आठ-दहा तास बाळ जवळ नसले आणि दूध काढले गेले नाही, तर शरीर मागणी कमी झाली असे समजते आणि दूध आटू लागते. म्हणजे ड्यूटीचे तास आणि बाळाचे प्रथिन यांचा थेट संबंध आहे. फाटकावरची बारा तासांची पाळी, छाननी कार्यालयातील रात्रपाळी, इंजिनावरील ड्यूटी, रुळांवरील देखभाल, यांपैकी कोठे स्तनदा माता दूध काढून ठेवू शकेल? बंद खोली नाही, खुर्ची नाही, फ्रीज नाही. कित्येक ठिकाणी स्त्रियांसाठी धड शौचालय नाही. मग 'स्तनपान सप्ताहा'ची भित्तिपत्रके लावण्याचा काय उपयोग? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही गत.

केंद्र सरकारच्या नियमित महिला कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा एकेकाळी ९० दिवस होती. ती १३५ दिवस झाली आणि २००८ साली सहाव्या वेतन आयोगानंतर १८० दिवस. त्याच वेळी दोन वर्षांची बाल संगोपन रजाही आली. सातव्या वेतन आयोगानंतर त्यातील दुसऱ्या वर्षाचा पगार ८० टक्क्यांवर आला. ही रजा हक्काने मागता येत नाही, साहेबाच्या मर्जीवर मंजूर होते, आणि माणसे कमी आहेत या सबबीखाली नाकारली जाते. माणसे कमी कोणी केली? रिक्त जागा भरायच्या नाहीत आणि त्याची किंमत तान्ह्या बाळाने मोजायची, हा कोणता न्याय?

खाजगी व कंत्राटी क्षेत्रासाठी १९६१ च्या कायद्यात १२ आठवडे होते, २०१७ मध्ये २६ झाले. ५० वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्याची सुट्टी तर मूळ कायद्यातच होती. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत. ऐकायला छान. आता गणित करा. २६ पैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले तर मागे उरतात १८ आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. आरोग्य खाते सांगते, सहा महिने केवळ आईचेच दूध द्या. उरलेल्या दीड-दोन महिन्यांचे काय? तेथेच डबा घरात शिरतो.

आणि कंत्राटी भगिनींचे काय? डबे धुणाऱ्या, फलाट झाडणाऱ्या, गाडीत सफाई करणाऱ्या. प्रसूती लाभासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस कामाची अट होती. हजेरीपट कंत्राटदाराच्या हातात. कंत्राट बदलले की नाव बदलते, नोंद तुटते, आणि बाई गरोदर आहे असे कळले की तिला पुढच्या महिन्यात 'नको येऊ' सांगितले जाते. मुख्य मालक म्हणून रेल्वे प्रशासनाची जबाबदारी यात नाही का? असंघटित स्त्रियांची तर थट्टाच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ साली योजना आली ती पहिल्या बाळासाठी ५,००० रुपयांची. सहा महिने मजुरी बुडवून घरी बसणाऱ्या बाईला ५,००० रुपये!

आमच्या शाखांमधील पुरुष साथींनाही दोन शब्द. घरातली बाई नोकरी करीत नसली तरी हा प्रश्न तुमचाच आहे. स्तनदा आईने शेवटी उरलेले खायचे ही रीत मोडा. मेंदू घडवणारे दूध तिच्या अंगातून येते आणि तिच्याच ताटात डाळ नसते. पितृत्व रजा १५ दिवसांची आहे. ती गावी जाऊन आराम करण्यासाठी नाही, घरकाम उचलण्यासाठी आहे. आणि पगारातून शेकडो रुपयांचा डबा आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, हा खरोखर लागतो का?

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही सर्व शाखांना आवाहन करतो की पुढील मागण्या आपल्या मागणीपत्रकात घ्याव्यात.

१. प्रसूतीनंतरचे पूर्ण सहा महिने पगारी रजा मिळावी. प्रसूतीपूर्वीची रजा त्यातून वजा होऊ नये.

२. स्तनदा मातेला बाळ एक वर्षाचे होईपर्यंत रात्रपाळी आणि मुख्यालयाबाहेरील ड्यूटी देऊ नये.

३. प्रत्येक मोठे स्थानक, कारखाना, शेड, छाननी कार्यालय व मुख्य टपाल कार्यालयात पाळणाघर, तसेच दूध काढण्यासाठी बंद खोली, खुर्ची, स्वच्छ पाणी व फ्रीज असावा.

४. कंत्राटी कामगार स्त्रीचा प्रसूती लाभ बुडाल्यास तो मुख्य मालकाने द्यावा. कंत्राट बदलले तरी सेवा सलग धरावी.

५. बाल संगोपन रजा मर्जीवर न ठेवता हक्काची करावी आणि पूर्ण पगारी द्यावी. खात्याच्या कामाचा भार वाहणाऱ्या ग्रामीण डाक सेवक भगिनींनाही ती नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने मिळावी.

६. रेल्वे रुग्णालयांत भुकटी कंपन्यांचे प्रतिनिधी, भेटवस्तू व नमुने यांना मज्जाव करावा, आणि १९९२ च्या कायद्याची पाटी प्रसूती विभागात मराठीसह स्थानिक भाषेत लावावी.

या मागण्या ऐकून 'खर्च कोठून आणायचा?' असे प्रशासन विचारेल. ९० दिवसांचे १३५ करताना आणि १३५ चे १८० करताना कर्मचाऱ्यांनी अशीच मागणी लावून धरली होती. तेव्हा पैसा निघाला, आताही निघेल. भुसावळ असो, खडगपूर असो की हुबळी, जेथे जेथे आमचे मराठी बंधू-भगिनी काम करतात तेथील शाखेने पुढील सभेत हा विषय घ्यावा. महिला समिती नसेल तर आधी ती नेमावी. आपल्या कार्यालयात किती स्तनदा माता आहेत, त्यांना दूध पाजण्याची सुट्टी मिळते का, पाळणाघर आहे का, याची यादी करून ती ठरावासह केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!